पंगतीतलं हेमांगीचं पान

आर. के. पुरम, नवी दिल्ली
९ जुलै २०२५

ती. आत्यास,
हेमांगीचा सा. न. वि. वि. नमस्कार जरा घाईत घालते आहे, कारण मी रागात आहे.

तुला ऐकू येत नाही आणि मला बोलता येत नाही, त्यामुळे आपल्या दोघींत मिळून एक फोन काही होत नाही. घरच्या ग्रुपवर लिहावं तर तुझ्याआधी यशोधन वाचतो, आणि आजची तक्रार तुझ्या त्या लाडक्या लेकाचीच आहे. म्हणून हे पत्र. दिल्लीहून गुरुग्रामला पोचायला चार दिवस घेईल, तोवर माझा राग निवेल असं समजू नकोस.

झालं असं की या महिन्याचं खोकं आलं नाही. पक्षाघातात माझं गिळणं आणि बोलणं दोन्ही गेलं, तेव्हापासून माझं जेवण म्हणजे त्या पांढऱ्या डब्यांतली पावडर, पाण्यात कालवून नळीतून थेट पोटात. ते डबे इतके महाग की दर महिन्याला माझा निम्मा पगार खातील. म्हणून यशोधनने तो भार उचलला, मी नको नको म्हणत घेतला, आणि दीड वर्ष चाललं. या महिन्यात खोक्याऐवजी काय आलं असेल? ऑफिसात शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी ओल्या डोळ्यांनी मोबाइल पुढे केला. पाहते तर यशोधनने नेटवर काढलेलं वर्गणीचं पान, आणि त्यावर माझाच फोटो. तुझ्या पंचाहत्तरीचा, पैठणीतला. वर मथळा, 'हेमांगीला जेवू घाला'. खाली माझं वय, माझा आजार, माझं एकटेपणाचं दुःख, आणि कोणी किती रुपये दिले ते. मला एकटेपणाचं दुःख आहे हे मला तिथेच वाचून कळलं.

मला विचारलं का कोणी? नळी पोटात आहे, आत्या, कानात किंवा डोक्यात नाही. मी रोज मंत्रालयात जाते, डाव्या हाताने टाइप करते, मोठमोठ्या साहेबांच्या इंग्रजीचं हिंदी करते. त्याच मंत्रालयाच्या बिलांच्या शाखेने माझी डब्यांच्या खर्चाची फाइल दुसऱ्यांदा परत पाठवली आहे. त्यांच्या मते हे अन्न आहे, औषध नाही, आणि अन्नाचे पैसे मिळत नाहीत. दुकानदार मात्र न उघडलेला डबासुद्धा परत घेत नाही, कारण त्याच्या मते ते औषध आहे. या दोघांची एकदा गाठ घालून द्यायला हवी.

तर आता माझा बेत ऐक. हॉस्पिटलमधल्या आहारतज्ज्ञ रुचिताला मी भेटले. दिवसा घरी शिजवलेलं, वाटून गाळलेलं अन्न आणि रात्री फक्त डब्यातलं, असा आराखडा तिने मला करून दिला. एवढं माझ्या पगारात बसतं. तिची अट एकच, सप्टेंबरच्या तपासणीपर्यंत वजन उतरता कामा नये. उतरलं तर पुन्हा सगळे डबे सुरू, आणि मग तुझ्या लेकाच्या झोळीला पर्याय नाही. म्हणून वजन उतरणार नाही. यशोधनला सांग, तो फोटो काढून टाक.

लोभ असू दे, वर्गणी नको.
तुझी
हेमांगी


गुरुग्राम
१५ जुलै २०२५

चि. हेमांगीस,
अनेक उत्तम आशीर्वाद, आणि त्यातला एक आशीर्वाद तुझ्या डोक्याला थंडावा मिळावा म्हणून.

पत्र पोचलं. चौदाव्या मजल्यावर बसून वाचलं तरी त्याची धग लागली. फोटो मीच दिला. यशोधनने मागितला, मी विचारलं कशाला, तो काहीतरी म्हणाला, मला ऐकू आलं नाही आणि मी मान डोलावली. माझं अर्धं आयुष्य हल्ली असंच चाललंय. पण खरं सांगते, ऐकू आलं असतं तरी दिला असता. त्यात तू छान दिसतेस.

आता माझं ऐक. लोक प्रेमाने देतायत. कोण कुठले, तुला पाहिलंसुद्धा नाही, तरी देतायत. घेण्यात कसली लाज? तुझे वडील असेच होते. माझा सख्खा भाऊ, पण कोणाकडे पाण्याचा पेला मागायचा नाही, स्वतः उठून घ्यायचा. तुला सगळा ताठा त्याच्याकडूनच आलाय. ताठ्याने पोट भरत नाही, बाळा. वाटण-गाळण करताना नळीत काही अडकलं तर कोण आहे तिथे धावायला? उजव्या हाताने तुला धड कुकरचं झाकणही लावता येत नाही. मला गुडघ्यांनी घरात डांबून ठेवलंय, नाहीतर येऊन राहिले असते. महिनाभर तरी ते पैसे घे, मग बघू.

यशोधनला तुझा निरोप दिला. तो काही बोलला नाही. निदान मला ऐकू येईल असं काही बोलला नाही.

रागवलीस तरी चालेल, पण लिहीत जा.
तुझी
आत्या


आर. के. पुरम
२ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. या वेळी नमस्कार सावकाश आणि वाकून, कारण तुझं भाकीत खरं ठरलं.

नळी तुंबली. नाचणीचं सत्त्व केलं होतं, छान पातळ दिसत होतं. ऑफिसचं एक पत्र आलं, त्यात माझा वेळ गेला आणि तोवर ते निवून दाटलं. मी तसंच ओतलं. थोडं गेलं आणि मग तिथेच घट्ट बसलं. ऑटो करून हॉस्पिटल गाठलं. रुचिताने कोमट पाणी हळूहळू, थोडं थोडं देत अर्ध्या दिवसाने वाट मोकळी केली. नळी बदलावी लागली असती तर खर्चही झाला असता आणि माझी फजितीही.

तेवढ्यात यशोधन कॅबने येऊन हजर. त्याला कोणी कळवलं देव जाणे. आला आणि माझ्या डोक्यावरून डॉक्टरांशी हिंदीत बोलू लागला. ती ऐकत नाही, तिला समजवा, असं सगळं 'ती, ती' चाललं होतं. 'ती' समोरच बसली होती. मी माझ्या नेहमीच्या लिहायच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत हिंदीत लिहिलं की पेशंट इकडे आहे, आणि पाटी दोघांच्या मध्ये धरली. डॉक्टर हसले. यशोधन हसला नाही. जाताना माझ्या उशाशी दोन पांढरे डबे ठेवून गेला. मला त्याचा राग आला आणि वाईटही वाटलं. दोन्ही एकदम वाटण्याची सवय मला नाही.

वजन उतरलंय. फार नाही, पण रुचिताच्या कपाळावर आठी उमटेल इतकं. आणि ते पान अजून तिथेच आहे. खाली लोक लिहितायत. एकाने माझ्यासाठी दोन ओळींची प्रार्थना लिहिली आहे, बिचारा. एकाने विचारलंय की पैठणी नेसायला पैसे आहेत आणि जेवायला नाहीत का. त्याला उत्तर द्यायला माझी बोटं शिवशिवली. म्हणजे आता दान घ्यायचं तर आधी फाटकं नेसून फोटो काढावा लागणार. तू विचारलंस ना घेण्यात कसली लाज? ही बघ.

मी सोडणार नाही. पण मला तुझी मदत हवी आहे, आणि ती पैशांची नाही. आजोबांच्या, म्हणजे तुझ्या सासऱ्यांच्या, शेवटच्या दोन वर्षांत त्यांना तू चमच्याचमच्याने कढणं पाजून जगवलंस, हे आई नेहमी सांगायची. ते कढण कसं करतेस ते नीट लिही. दिल्लीत वाढलेल्या मुलीला कळेल असं लिही. 'अंदाजाने' हा शब्द एकदाही वापरू नकोस.

तुझी हट्टी
हेमांगी


गुरुग्राम
८ ऑगस्ट २०२५

चि. हेमांगीस,
आशीर्वाद. पैठणीबद्दल विचारणाऱ्या त्या माणसाला मात्र आशीर्वाद नाहीत.

ते वाचलं आणि माझंही डोकं फिरलं. तुझ्या आईची पैठणी ती. मी यशोधनसमोर पत्रातला तेवढा भाग धरला आणि त्याला वाचायला लावला. त्याची मान खाली गेली.

आता कढण. मूग धुऊन, सुकवून, मंद आचेवर भाजायचे. खमंग वास आला की उतरवायचे, लाल करायचे नाहीत. तांदूळ वेगळा भाजायचा. दोन्ही दळून पीठ डब्यात भरून ठेवायचं. करताना चार चमचे पीठ आधी थंड पाण्यात कालवायचं, मग उकळत्या पाण्यात सोडायचं आणि हात थांबवायचा नाही. तुझी चूक इथेच झाली असणार. शिजल्यावर पुन्हा गरम पाणी घालून सैल करायचं आणि मलमलीतून दोनदा गाळायचं. चाळणीवर विश्वास ठेवायचा नाही. कोमट असतानाच द्यायचं, निवू द्यायचं नाही, मग साक्षात मंत्र्यांचं पत्र येवो. तेल-तूप किती ते तुझ्या रुचिताला विचार. माझ्या वेळी मीच डॉक्टर होते, आता ते चालायचं नाही. शेजारच्या हरीशकडे पिठाचा डबा आणि मलमलीचे धुतलेले तुकडे पाठवते आहे. त्याचं ऑफिस तुमच्याच बाजूला आहे. 'अंदाजाने' एकदाही लिहिलं नाही, बघ.

आणि एक गोष्ट. मी लिहिली हे त्याला कळू देऊ नकोस. यशोधनची एप्रिलमध्ये नोकरी गेली होती. दुसरी मिळाली, पण पगार बराच कमी. घराचे हप्ते आहेत, त्याने गाडी विकली. तरी तीन महिने तुझं खोकं पाठवत राहिला. मलाही परवापर्यंत काही सांगितलं नव्हतं, गाडी सर्व्हिसिंगला गेली म्हणाला होता. इतके दिवस सर्व्हिसिंग कसलं, हे मी विचारायला हवं होतं. आता आपल्याला जमत नाही, एवढं एक वाक्य तुला सांगायची त्याला लाज वाटली, म्हणून तो जगापुढे हात पसरून बसला. तुम्ही दोघं एका माळेचे मणी आहात. लहानपणीही कॅरममध्ये हरताना दोघांनाही सोंगट्या मोजता यायच्या नाहीत.

म्हणून आता मी तुझ्या बाजूने आहे. पण त्याच्या विरुद्ध नाही, हे लक्षात ठेव.

पोटभर आशीर्वाद,
आत्या


आर. के. पुरम
२१ ऑगस्ट २०२५

ती. आत्यास,
सा. न. वि. वि. कढण आवडलं. चव कळत नाही, पण वास कळतो. मूग भाजल्याचा वास घरात फिरला तेव्हा मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले, हे तुला सांगायला हरकत नाही. दोन वर्षांत माझ्या जेवणाला वास नव्हता.

नळी पुन्हा तुंबली नाही. वजन चढायला लागलंय. यशोधनबद्दल लिहिलंस ते वाचलं. मला चोर पकडल्यासारखा राग आला होता, आणि चोराने स्वतःचंच घर रिकामं केलं होतं. त्याला मी काही कळू दिलं नाही. त्याच्याशी भांडायचं नाही असंही ठरवलं होतं, पण तो भांडायला लावल्याशिवाय राहत नाही.

काल इथल्या मराठी मंडळाची गणेशोत्सवाची पत्रिका आली. रविवार ३१ तारखेला महाप्रसाद, त्यानंतर 'जिद्दीला सलाम' म्हणून श्रीमती हेमांगी यांचा प्रमुख पाहुण्यांच्या हस्ते शाल-श्रीफळ देऊन सत्कार आणि निधी अर्पण. संयोजक, चिरंजीव यशोधन. माझा सत्कार आहे हे मला पत्रिकेवरून कळलं. त्यातून श्रीफळ. ज्या बाईला पाण्याचा घोट गिळता येत नाही तिला नारळ द्यायचा, हे फक्त आपल्याच लोकांना सुचू शकतं.

आधी वाटलं, जाऊच नये. मग पत्रिका पुन्हा वाचली. महाप्रसादाचं बोलावणं सगळ्यांना होतं, मला फक्त त्यानंतरच्या वेळेचं. इतर सगळे जेवतील, मग मी यायचं. आत्या, गेल्या दोन वर्षांत मला कोणी जेवायला बोलावलेलं नाही. बारशाला नाही, डोहाळजेवणाला नाही. बिचारीला बघून वाईट वाटेल म्हणून बोलावत नाहीत. वाईट कोणाला वाटेल, मला की त्यांना? पैशांपेक्षा मला हेच जास्त लागतं.

तर मी जाणार आहे. सत्काराला नाही, जेवायला. पहिल्या पंगतीला. मंडळाची पंगत सांभाळणारे विश्वनाथकाका अजून आहेत, आणि त्यांचा नियमही आहे. पंगतीतल्या शेवटच्या माणसाचं जेवण होईपर्यंत कोणी उठायचं नाही, मग तो मंत्री असो की मुलगा. दरवर्षी ते हात जोडून सगळ्यांना सावकाश होऊ द्या म्हणतात. यंदा मी त्यांचं ऐकणार आहे.

तुझी
हेमांगी


गुरुग्राम
२६ ऑगस्ट २०२५

चि. हेमांगीस,
आशीर्वाद. हरीशच्या हातीच चिठ्ठी देते आहे, वेळेवर पोचावी म्हणून.

तीच पैठणी नेस. बाकी मी काही ऐकलेलं नाही आणि मला काही माहीत नाही.

आत्या


आर. के. पुरम
२ सप्टेंबर २०२५

ती. आत्यास,
पैठणी नेसलेल्या भाचीचा सा. न. वि. वि. तू यायला हवी होतीस.

मांडवात मांडी घालणाऱ्यांची पंगत खाली आणि गुडघेवाल्यांची खुर्च्या-टेबलांवर. मी काठी टेकत गेले आणि विश्वनाथकाकांच्या शेजारची खुर्ची धरली. माझ्यापुढे पान मांडलेलं नव्हतंच. वाढपी मुलं माझ्याकडे बघायची आणि पुढे सरकायची. मी पाटीवर लिहिलं, पान मांडा. काकांनी ते वाचलं आणि स्वतःच्या हाताने केळीचं पान माझ्यापुढे ठेवलं. मी त्यावर माझा स्टीलचा तांब्या ठेवला. त्यात तुझं कढण, ते निवून दाटू नये म्हणून गरम पाण्याचा थर्मास, आणि सिरिंज.

एवढ्यात मठ्ठ्याची बादली घेऊन यशोधन आला. वाढपी म्हणून उपरणं कमरेला बांधलेलं, मागे प्रमुख पाहुण्यांची सरबराई. मला पाहून तो जागच्या जागी थांबला. हळूच म्हणाला की तुझा कार्यक्रम नंतर आहे, तू आत्ता का आलीस. मी लिहिलं, जेवायला. मग पुसून लिहिलं, तू वाढपी आहेस ना, मला वाढ.

घरी मी सिरिंज खुंटीला अडकवते. मांडवाला खुंटी नव्हती. यशोधनने बादली खाली ठेवली, हात धुऊन आला. मी पदराआडून नळीचं टोक काढलं, सिरिंज जोडली आणि त्याच्या हातात दिली. त्याने थोडंथोडं ओतलं. तो माझी नळी दीड वर्ष पोसत होता आणि ती त्याने जवळून कधी पाहिली नव्हती. काकांनी हात जोडले आणि नेहमीचं वाक्य म्हटलं, या वेळी माझ्याकडे बघून.

लोकांची पानं भराभर संपली. माझं कुठलं संपायला. कढण आपल्या चालीने उतरत होतं. सिरिंज उंच धरली की लवकर उतरतं, हे यशोधनच्या लक्षात आलं आणि पाहुण्यांकडे बघत तो हात वर वर न्यायला लागला. मी त्याचं कोपर धरून खाली ओढलं. तो पुन्हा वर, मी पुन्हा खाली. घाईने ओतलं तर मला उलटी होते, आणि पंगतीत घाई कशाला. चिटणीस श्यामराव काकांच्या कानाशी येऊन म्हणाले की पाहुण्यांना दुसरीकडे जायचंय, सगळ्यांना उठू द्यावं. काका म्हणाले की मुलगी जेवते आहे. एवढंच. मग कोणी हललं नाही. मांडवभर माणसं खरकट्या हातांनी बसून होती. दुसऱ्या पंगतीची मंडळी कडेला उभी. पाणी प्यायची आणि माझ्याकडे बघायची. मीही एकेकाकडे बघत होते. ज्यांनी मला बारशाला बोलावलं नाही, त्यांच्याकडे जरा जास्त.

हळूहळू कोणीतरी गप्पा काढल्या. शेजारच्या बाईंनी मला विचारलं की यात काय काय घालतेस. मी डाव्या हाताने कढणाची कृती लिहून दाखवली. पाटी पार शेवटच्या पानापर्यंत फिरून आली. पाहुणे मध्येच निघून गेले, शाल खुर्चीवर तशीच राहिली. आणि आत्या, पाऊण तासाच्या आसपास कधीतरी यशोधनचा हात वर जायचा थांबला. तो पाहुण्यांकडे नाही, सिरिंजकडे बघत होता. उजवा दुखला तर डाव्यात घेतली. शेवटचं गरम पाणी मी न सांगता ओतलं त्याने. मी पाटीवर लिहिलं, झालं. मग काका उठले आणि सगळी पंगत उठली.

निघताना मी पाटीवर लिहिलं की मला कळलंय, गाडीचं. (तुझं नाव घेतलं नाही, पण त्याला एकच आई आहे.) खाली लिहिलं की तुला जमत नाही हे मला सांगायला जमलं पाहिजे. त्याने पाटी पुसली आणि काठी माझ्या हातात दिली.

काल तपासणी झाली. वजन जुलैत होतं तिथे परत आलं आहे, वर पाव किलो. पाव किलो तुझ्या मुगांचं. रुचिताने आराखडा कायम केला. बिल तिसऱ्यांदा पाठवलंय. परत आलं की चौथ्यांदा पाठवीन, माझं टाइपिंग चांगलं आहे.

पोटभर जेवलेली
हेमांगी


गुरुग्राम
८ सप्टेंबर २०२५

चि. हेमांगीस,
उत्तम आशीर्वाद. हे पत्र मी एकटी लिहीत नाही. यशोधन समोर बसलाय आणि काय लिहितेस म्हणून विचारतोय. मला ऐकू येत नाही.

त्या रविवारी मांडवातून घरी आला तो खांद्याला बाम चोळत बसला. दोन दिवस हात वर होत नव्हता. मी विचारलं नाही. नंतर माझ्यासमोर ते पान बंद केलं आणि आलेले पैसे ज्याचे त्याला परत जातील असं केलं. श्रीफळ घरी आणलंय, त्याची बर्फी करू म्हणाला. मी म्हटलं, आधी तिच्या पिठाचे मूग भाज. काल त्याने भाजले. पहिली खेप लाल झाली, ती आम्ही खाल्ली. दुसरी जमली. तो डबा हरीशकडे दिलेला नाही.

कारण तो तुलाच इथून न्यायचा आहे. येत्या रविवारी आमच्याकडे जेवायला ये. यशोधन मेट्रोने घ्यायला येईल, आता गाडी नाही हे लपवायचं कारण उरलं नाही. कढण तो करणार आहे, मी फक्त बघणार. भिंतीला खुंटी ठोकून देऊ का विचारलं तर म्हणाला की नको, धरतो मी.

पान मांडून ठेवते. तुझं होईपर्यंत आम्ही उठणार नाही.

तुझी
आत्या